केबलचा जोड आणि लाल गाडी

२००३ साली मी सेक्रेटरी होतो, म्हणून स्मरणिकेसाठी सोसायटीतल्या केबलचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं.

१९९१ च्या आखाती युद्धापासून शहरांत केबल पसरू लागली. १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला, १९९५ मध्ये केबलचा कायदा आला. १९९९ साली साताऱ्यात आपण इथे राहायला आलो, तेव्हा गच्चीवरून गच्चीवर काळ्या वायरी लोंबतच होत्या. आपल्या पाण्याच्या टाकीजवळ त्यांचा एक जोड होता. वायर सोलून तारा हातानं पिळलेल्या, वर चिकटपट्टी. पावसाळ्यात चित्राला मुंग्या आल्या की नवी चिकटपट्टी लावायची, झालं काम!

२३ मार्च २००३. विश्वचषकाची फायनल, ऑस्ट्रेलियाच्या ३५९ धावा. सचिन पहिल्याच षटकात गेला आणि थोड्या वेळानं पडद्यावर तिरप्या रेघा सुरू झाल्या. आपल्याकडे दूरदर्शन दोन नंबरच्या चॅनेलवर दिसायचं. कुणीतरी ओरडलं, "गच्चीवर तो पोरगा रिमोटची गाडी चालवतोय!" मी वर जाऊन त्याची लाल गाडी रिमोटसकट काढून घेतली. रेघा गेल्या. भारत १२५ धावांनी हरला, त्याचाही राग आम्ही नऊ वर्षांच्या पोरावर काढला. गाडी ऑफिसच्या कपाटात गेली, कमिटीनं तसा ठरावही लिहिला. त्याच्या आईनं आमच्याशी बोलणं सोडलं.

मे महिन्यात सांगलीहून माझे मेहुणे आले. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. सगळं ऐकून म्हणाले, "दाजी, तो रिमोट आणा बघू." रिमोटच्या पाठीवर ४९ मेगाहर्ट्झ लिहिलं होतं. दोन नंबरचं चॅनेल ४७ ते ५४ मेगाहर्ट्झचं, म्हणजे दोघांचा पट्टा एकच. "पण केबलच्या मधल्या तारेभोवती जाळी असते, ती बाहेरच्या लहरी अडवते. जाळी अखंड असेल तर एवढासा रिमोट काय करणार?" असं म्हणत ते थेट टाकीजवळ गेले. जोडापाशी जाळी कापलेली, मधली तार उघडी. त्यांनी दोन्ही टोकांना नीट कनेक्टर बसवले आणि त्या मुलालाच बोलावून तिथंच गाडी चालवायला लावली. खाली चित्र स्वच्छ!

गाडी मी परत दिली. चूक झाली असं मात्र म्हणालो नाही. "जपून खेळ" एवढंच म्हणालो.

शहरांतल्या केबलला डिजिटल होण्यासाठी ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत मिळाली, घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. रिमोटची खेळणीही आता बरीचशी २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ते भांडण आज होणारच नाही.

राहिलं ते इतिवृत्त. त्यात गाडी जप्त केल्याचा ठराव आहे. परत दिल्याची नोंद नाही, आणि दोष आपल्याच जोडात होता हेही कुठं लिहिलेलं नाही. ती नोंद आज इथे करतो. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना हा अंक द्यायला मी स्वतः जाणार आहे.