इब्न फिरनासची शेपटी

माझा भाचा अकरावीला आहे आणि त्याला पायलट व्हायचे आहे. गेल्या ईदला जमलेल्या ईदीत आपाने स्वतःचे थोडे पैसे घातले आणि त्याला संगणकावर विमान चालवायची साधी जॉयस्टिक घेऊन दिली. दांडा बाजूला झुकवला की विमान कलते, पिळला की सुकाणू वळते. सहा महिने तो रोज रात्री मुंबईहून दिल्लीला जाऊन येत होता. मग एका फ्लाइंग क्लबात त्याला अर्ध्या तासाची फेरी मिळाली. घरी आला तो गप्पच. प्रशिक्षकाने त्याला एकच प्रश्न विचारला होता : "पाय कुठे आहेत तुझे?"

"मामू, पाय तर मी कधी वापरलेच नव्हते," तो म्हणाला. आता त्याला योक, म्हणजे विमानाचे हँडल, आणि सुकाणूचे पेडल असे दोन्ही हवे होते. पैसे एकापुरतेच होते. घरात पुस्तके वाचणारा मीच, म्हणून आपाने निर्णय माझ्यावर सोपवला. मी उत्तर शोधायला इतिहासात गेलो.

विमानाचा विषय निघाला की आपल्याकडे अब्बास इब्न फिरनासचे नाव येतेच. कोर्दोबाचा हा विद्वान 887 साली वारला. "राइट बंधूंच्या हजार वर्षे आधी आमचा माणूस उडाला" हा संदेश आपण सगळ्यांनी पुढे पाठवलेला आहे. शेजारच्या घरात 1895 ची चौपाटी आणि शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट अशीच फिरते. पुरावा दोन्हीकडे पातळ आहे. इब्न फिरनासची हकीकत आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः अल-मक्करी या सतराव्या शतकातल्या इतिहासकारामुळे, म्हणजे साडेसातशे वर्षांनंतर. पण त्या हकिकतीचा शेवट आपण पुढे पाठवत नाही. उतरताना त्याच्या पाठीला मार लागला, कारण पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो आणि याने शेपटी केलीच नव्हती.

मला ही गोष्ट उड्डाणापेक्षा मोठी वाटते. नुसते पंख पुरत नाहीत, विमान सांभाळावे लागते, हे ती सांगते. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल शरीराचा भार इकडेतिकडे हलवून ग्लायडर सांभाळत असे. 1896 साली तो पडून मेला. राइट बंधूंनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. 1901 मध्ये त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. उजवीकडे वळायला विमान उजवीकडे कलवावे, तर वर गेलेल्या डाव्या पंखावर हवेचा अडथळा वाढतो आणि नाक उलट डावीकडे जाते. 1902 च्या ग्लायडरला त्यांनी मागे हलते सुकाणू बसवले आणि ते पंखांच्या दोऱ्यांना जोडले. 1905 पर्यंत त्यांनी त्याचा ताबा वेगळाही केला, पण तो हातातच ठेवला.

पाय आले ते फ्रान्समध्ये. 1909 साली लुई ब्लेरियोने इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हा त्याच्या हातात दांडा होता आणि पायाखाली सुकाणूचा आडवा दांडा. पुढे डेपरड्युसाँच्या विमानांत दांड्याच्या जागी चाक आले. त्याच जातीच्या हँडलला आज योक म्हणतात. इंग्रजीत योक म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू.

सरावाचे यंत्रही त्याच काळातले. फ्रान्सच्या आंत्वानेत विमानात दोन बाजूंना दोन चाके होती, आणि कोणते कशासाठी हे हवेत आठवत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून लाकडी पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक ठेवले, वर शिकाऊ माणूस बसवला, आणि बाकीचे ते पिंप हलवू लागले. त्याने चाके फिरवून तोल सावरायचा. पुढे अमेरिकेत एडविन लिंकने वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून हलणारी कॉकपिट बनवली. सुरुवातीला ती जत्रेतल्या खेळण्यासारखी विकली गेली. 1934 मध्ये टपाल नेताना खराब हवेत सैन्याचे वैमानिक मेले, तेव्हा सैन्याने सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर शिकले. पिंपात काय किंवा लिंकच्या पेटीत काय, बाहेरचा देखावा नव्हताच. शिकत होते ते हातपाय.

माझा निर्णय इथेच झाला. आधी पेडल. योक सेस्नात आहे, बोइंगमध्ये आहे, एअरबस ए-320 मध्ये मात्र बाजूला छोटी जॉयस्टिक असते. पेडल तिन्हींत आहेत. शिवाय टेकऑफला सेस्नाचे नाक डावीकडे ओढले जाते, ते उजव्या पायानेच सांभाळावे लागते.

आम्ही जुनी जोडी घेतली. तीन गोष्टी पाहिल्या : पाय मध्याजवळ हलके हलवल्यावर अडकत नाहीत ना, टाचा टेकवून पंजा दाबला की ब्रेक वेगळा लागतो ना, आणि फरशीवर सगळे घसरत तर नाही ना. शेवटची अडचण होतीच. खाली फळी ठोकून ती खुर्चीला बांधली. जॉयस्टिकचे पिळणे सेटिंगमधून बंद केले. योक पुढच्या वर्षी. तेव्हा सेस्नासारखे दोन्हीकडे नव्वद अंश फिरणारे आणि धातूच्या दांड्यावर सरकणारे पाहू. घरच्या योकला स्प्रिंग असते. खऱ्या विमानात वेग वाढला की हवेचा जोर वाढतो, तसे स्प्रिंगचे होत नाही, एवढे भाच्याला सांगून ठेवले आहे. इथले तास परवान्यात धरले जात नाहीत, हेही.

पहिल्या रात्री तो धावपट्टी सोडून तीनदा गवतात गेला. आपा हसली. त्याने चौथ्यांदा सुरुवात केली.

इब्न फिरनास उडाला की नाही, अल्लाह जाणे. त्याच्या गोष्टीत शेपटी राहिल्याचे कोणीतरी लिहून ठेवले, याचा मला जास्त अभिमान वाटतो.