डोंगरातला खेळमेळा

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. शाळेत असताना तुमच्यापैकी किती जणी कबड्डी, खो-खो खेळायच्या? आणि लग्नानंतर किती जणी खेळल्या? पहिल्या प्रश्नाला पुष्कळ हात वर होतील. दुसऱ्याला एखादाच, तोही कोपरापर्यंत. मंगळागौरीला फुगडी, झिम्मा होतो तेवढाच. खेळ माहेरीच राहतो, सासरी येताना तो गाठोड्यात बांधलेला नसतो.

म्हणून आज अशा बायकांचा इतिहास सांगणार आहे, ज्यांनी खेळ सोडला नाही. हा इतिहास अमेरिकेचा आहे. तिथे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरांत लेक प्लॅसिड नावाचं छोटं गाव आहे. हिवाळ्यात तिथे बर्फच बर्फ. १९३२ आणि १९८० साली बर्फावरच्या खेळांचं ऑलिंपिक तिथेच भरलं होतं. पण उन्हाळ्यात, ऑगस्ट महिन्यात, त्याच गावात हिरव्या मैदानांवर लॅक्रॉस या खेळाचे सामने भरतात. पुरुषांचे संघ येतात, तसे बायकांचेही येतात. कॉलेज नुकतंच संपलेल्या मुली येतात आणि तिशी-चाळिशीतल्या आयाही येतात.

लॅक्रॉस म्हणजे काय, ते आधी सांगते. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला जाळी. मुठीत मावेल एवढा कडक रबरी चेंडू त्या जाळीत धरून पळायचं, दुसरीकडे फेकायचा, तिने तो जाळीतच झेलायचा आणि शेवटी समोरच्यांच्या गोलात मारायचा. पळताना चेंडू पडू नये म्हणून काठी सारखी हलकेच झुलवावी लागते. त्या झुलवण्याला इंग्रजीतही पाळणा हलवणं असाच शब्द आहे. पुरुषांच्या मैदानी खेळात अंगाला अंग भिडवायला परवानगी असते. बायकांच्या खेळात तशी धडक देता येत नाही, म्हणून तिथे वेग, नेमका फेक आणि एकमेकींकडे लक्ष यांवर सगळा डाव चालतो.

हा खेळ मुळात गोऱ्या लोकांचा नाही. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा आहे. त्यांतल्या होडेनोशोनी लोकांमध्ये तो फार जुना. होडेनोशोनी म्हणजे लांब घरात राहणारे लोक. मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा अशा सहा जमातींचा हा संघ. त्यांच्यासाठी लॅक्रॉस ही नुसती करमणूक नाही. निर्मात्याने दिलेला खेळ, असं ते मानतात. कुणी आजारी असेल तर त्याला बरं वाटावं म्हणूनही खेळ मांडतात. मुलगा जन्मला की त्याच्याजवळ छोटी काठी ठेवायची, आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर द्यायची, अशी त्यांची रीत.

आता नीट ऐका, कारण इथे गंमत आहे. या लोकांमध्ये कूळ आईकडून चालतं. मूल आईच्या कुळाचं. प्रत्येक कुळाची एक वडीलधारी बाई असते, तिला कुळमाता म्हणू. जमातीचा प्रमुख पुरुष असतो, पण त्याला निवडायचं कुणी? कुळमातेने. तो नीट वागला नाही तर त्याला समज देऊन पदावरून काढायचं कुणी? तिनेच. म्हणजे आपल्याकडे सरपंचपदाचं आरक्षण येण्याच्या कितीतरी आधी तिथल्या बायका पुढारी नेमत होत्या आणि काढतही होत्या. पण लाकडी काठीचा हा पवित्र खेळ मात्र पुरुषांचा. त्या काठीला बाईने हात लावायचा नाही, असा दंडक. सत्ता होती, काठी नव्हती.

आता समुद्राच्या पलीकडे बघू. तिथे सगळं उलट होतं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सुमारे दीडशे वर्षांपूर्वी बाईला मत नव्हतं, पदवी नव्हती. लुईसा लम्सडेन नावाची एक स्कॉटिश बाई. १८६९ साली इंग्लंडमध्ये पदवीच्या पातळीचं शिक्षण देणारं, राहण्याची सोय असलेलं मुलींसाठीचं पहिलं कॉलेज निघालं, तेव्हा पहिल्या पाच विद्यार्थिनींत ती होती. केंब्रिज विद्यापीठाची परीक्षा ती पास झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण ती बाई होती. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. लुईसाबाई मात्र रुसून बसल्या नाहीत. १८७७ साली सेंट अँड्र्यूज गावात मुलींची शाळा निघाली, सेंट लेनर्ड्स, तिच्या त्या पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या. पळण्या-खेळण्याने मुलींची तब्येत बिघडते, असं तेव्हाचे मोठमोठे डॉक्टर सांगत. या शाळेत मुली मैदानावर खेळायच्या.

१८८४ साली लुईसाबाई अमेरिका-कॅनडाच्या प्रवासाला गेल्या. कॅनडात त्यांनी मूळ रहिवाशांचा संघ आणि माँट्रियल शहरातला क्लब यांचा लॅक्रॉसचा सामना पाहिला. खेळ त्यांना इतका आवडला की तसं त्यांनी पत्रात लिहून कळवलं. पुढे १८९० साली सेंट लेनर्ड्सच्या मैदानावर मुलींनी लॅक्रॉसचा सामना खेळला. मुलींच्या आजच्या लॅक्रॉसचा इतिहास तिथून मोजतात. हातात जाळीच्या काठ्या घेऊन मुली धावल्या. कुणाची तब्येत बिघडली नाही.

त्या शाळेतून शिकून गेलेल्या मुली पुढे शिक्षिका झाल्या आणि जाईल तिथे काठ्या घेऊन गेल्या. १९१२ साली इंग्लंडमध्ये बायकांच्या लॅक्रॉसची संघटना उभी राहिली. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर अमेरिकेत गेल्या आणि १९२६ साली बाल्टिमोर शहरातल्या ब्रिन मॉर नावाच्या मुलींच्या शाळेत त्यांनी हा खेळ सुरू केला. म्हणजे खेळ जन्मला अमेरिकेच्या मातीत, स्कॉटलंडला जाऊन मुलींच्या हाती लागला आणि बाईच्या हातून परत अमेरिकेत आला. लॅक्रॉसच्या मानकऱ्यांच्या तिथल्या यादीत पहिली बाई म्हणून पुढे रोझाबेलबाईंचंच नाव लागलं.

डोंगराचा आणि बायकांच्या खेळाचा संबंधही त्याच सुमाराचा. कॉन्स्टन्स अ‍ॅपलबी नावाच्या इंग्लिश बाईंनी १९०१ साली अमेरिकेत बायकांची हॉकी नेली होती. १९२०च्या दशकात त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरांत उन्हाळा सरताना शिबिरं भरवायला सुरुवात केली. शाळा-कॉलेजांच्या मुली आणि त्यांच्या शिक्षिका तिथे राहायला यायच्या. हॉकीबरोबर लॅक्रॉसचेही धडे व्हायचे. घरचं काम नाही, चूल नाही, दिवसभर मैदान. शिकलेल्या बायका गावोगावी परत जाऊन दुसऱ्यांना शिकवायच्या. आपण प्रशिक्षणाला जातो आणि परत येऊन गटाला सांगतो ना, अगदी तसंच. अ‍ॅपलबीबाई १०७ वर्षं जगल्या. १९३१ साली अमेरिकेत बायकांच्या लॅक्रॉसची देशपातळीवरची संघटना झाली.

तरीही बराच काळ हा खेळ पैसेवाल्यांच्या शाळांपुरता राहिला. कॉलेजात पुरुषांच्या संघाला गाडी, गणवेश, प्रशिक्षक. मुलींच्या संघाला उरलंसुरलं. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. हा कायदा सगळ्या शिक्षणासाठी होता, पण त्याचा मोठा परिणाम मैदानावर दिसला. मुलींचे संघ वाढले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९८२ साली देशातल्या मुख्य कॉलेज क्रीडासंघटनेची मुलींसाठीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला बायकांचा पहिला विश्वचषक झाला. अमेरिकेच्या बायकांनी तो जिंकला.

पण मैत्रिणींनो, कायद्याने शाळा-कॉलेजचं दार उघडलं. त्यापुढचं काय? बाविसाव्या वर्षी पदवी हातात येते आणि त्याच दिवशी संघ सुटतो. मग नोकरी, संसार, मुलं. मैदान तिथेच असतं, पण जायला कारण उरत नाही, आणि एकटीने काही लॅक्रॉस खेळता येत नाही. म्हणजे आपलं गाठोडं आणि त्यांचं गाठोडं शेवटी सारखंच निघालं!

ही अडचण डोंगरातल्या स्पर्धांनी थोडी सोडवली. कोलोराडो राज्यातल्या रॉकी पर्वतात व्हेल नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंच. तिथे १९७३ पासून उन्हाळ्यात लॅक्रॉसची स्पर्धा भरते. लेक प्लॅसिडची स्पर्धा १९९० साली सुरू झाली. ही गावं बर्फाच्या खेळांवर जगणारी. उन्हाळ्यात त्यांची हॉटेलं रिकामी. त्यामुळे खेळाडूंना खोल्या मिळाल्या, गावाला गिऱ्हाईक मिळालं, आणि हवा थंड असल्याने दिवसाला एकाहून जास्त सामने खेळणंही जमलं. हळूहळू बायकांचे गटही त्यात रुजले. वयाप्रमाणे गट पाडलेले असतात, म्हणजे चाळिशीतल्या बाईला विशीतल्या पोरीमागे धावायची सक्ती नाही.

या बायकांना खेळायचे पैसे मिळत नाहीत. उलट प्रवेशाची वर्गणी, प्रवास, राहणं, सगळं पदरचं. एका संघातल्या बायका वेगवेगळ्या शहरांत राहतात, वर्षभर सरावही एकत्र होत नाही. व्हेलला तर हवा इतकी विरळ की खालून आलेल्या बाईला पहिल्याच धावेत धाप लागते. तरी त्या येतात. कारण वर्षातले ते चार दिवस त्यांना कुणाची आई किंवा कुणाच्या ऑफिसातली बाई म्हणून हाक मारली जात नाही. तिथे कुणी गोलरक्षक असते, कुणी आक्रमक. खेळ टिकवायला हौस लागतेच, पण हौस एकटीची असली की विझते. दरवर्षी ठरलेली तारीख, ठरलेली जागा आणि वाट बघणाऱ्या मैत्रिणी असल्या की ती टिकते. म्हणून मला वाटतं, बाईचा खेळ कायद्याने सुरू होतो, पण टिकतो तो मेळ्याने.

आता ज्यांचा हा खेळ, त्या होडेनोशोनी बायकांचं काय झालं? अ‍ॅडिरॉन्डॅक हा मोहॉक लोकांच्या जुन्या शिकारीचा मुलूख. त्याच्या उत्तरेला सेंट लॉरेन्स नदीकाठी अक्वेसास्ने ही त्यांची वस्ती आजही आहे. खेळातल्या लाकडी काठ्या बनवणारे कारागीर तिथले नावाजलेले. पण जगभरच्या पोरी खेळू लागल्या तरी या घरच्या पोरी कडेलाच होत्या. त्यांनी संघ काढायचं ठरवलं तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींनी विरोध केला, आणि त्यांत बायकाही होत्या. हा विरोध नुसता हट्ट नव्हता, एका पवित्र गोष्टीची काळजी त्यात होती. बऱ्याच वर्षांनी वाट निघाली ती अशी. विधीचा लाकडी काठीचा खेळ पुरुषांचाच राहील, पण आजच्या काठीने, आजच्या नियमांनी मुली खेळतील. २००९ साली प्राग शहरात झालेल्या विश्वचषकात होडेनोशोनी बायकांचा संघ स्वतःच्या नावाने उतरला. सेंट लेनर्ड्सच्या मुलींनंतर ११९ वर्षांनी.

आणि या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईतही येऊन पोचतो. पुरुषांच्या लॅक्रॉसला १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये पदकं होती, बायकांना कधीच नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली. क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परत आलं, ही बातमी आपण तेव्हा ऐकली. त्याच बैठकीत २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी लॅक्रॉसलाही मंजुरी मिळाली. सहा-सहा खेळाडूंचे संघ, पुरुषांचे आणि बायकांचेही. पण ऑलिंपिकमध्ये संघ पाठवायला समितीने मान्य केलेली राष्ट्रीय संस्था लागते आणि होडेनोशोनींना ती मान्यता नाही. ज्यांनी जगाला खेळ दिला, त्यांनाच आपल्या नावाने खेळू द्या म्हणून अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. सातबारा आपल्या नावावर नसेल तर आयुष्यभर राबलेल्या शेतावरही हक्क सांगता येत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, आपल्याला लॅक्रॉसच्या काठ्या आणायच्या नाहीत. खो-खोला तर काठीही लागत नाही. आपल्याकडे गट आहे, दर महिन्याची ठरलेली तारीख आहे, शाळेचं मैदान आहे. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक विषय जास्तीचा घ्या. शेजारच्या दोन-तीन गावांच्या गटांना निरोप द्या. वर्षातला एक दिवस ठरवा. वयाप्रमाणे गट पाडा, म्हणजे सासूही खेळेल आणि सूनही. त्या दिवशी घरी भाकरी कोण थापणार, तेही बैठकीतच ठरवा, कारण खेळ अडतो तो तिथेच.

पहिल्या वर्षी लोक हसतील. हसू द्या. दुसऱ्या वर्षी तारीख विचारायला तेच येतील.