पोर्तुगाल, १९६१

आंतोनियो सालाझार यांच्या हुकूमशाहीला हादरवणारे वर्ष. जानेवारीत सालाझारविरोधक एन्रिके गाल्व्हाँव यांनी ‘सांता मारिया’ हे प्रवासी जहाज ताब्यात घेतले. फेब्रुवारीत अंगोला या पोर्तुगीज वसाहतीत उठाव झाला. एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री बोतेल्यू मोनीझ यांचा सत्तापालटाचा बेत फसला. खरा घाव बसला तो डिसेंबरात. शेवटपर्यंत लढण्याचा लिस्बनचा हुकूम बाजूला सारून गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी १९ डिसेंबरला गोव्यात भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत संपली. (हुकूम पाळला असता तर पणजीचे काय झाले असते, ही कल्पनाही नकोशी वाटते.) त्याच दिवशी लिस्बनमध्ये शिल्पकार व भूमिगत कम्युनिस्ट कार्यकर्ते जोझे दियश कोएल्यू (जन्म १९२३) यांना गुप्त पोलिसांनी भररस्त्यात गोळ्या घातल्या. तो रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.