चाकाचे फेरे मोजताना

नागपूरहून पूर्वेला निघालेला राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली ही गावे घेत पुढे छत्तीसगडात शिरतो. नवा क्रमांक ५३ असला तरी जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून '६ नंबर'च आहे. अशा रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या मालमोटारींच्या दुरुस्तीत एक काम हटकून निघते. डॅशबोर्डवरचा ए.बी.एस.चा पिवळा दिवा विझत नाही, म्हणून चाकाजवळचा बोटाएवढा सेन्सर बदलायचा. हा सेन्सर चाक किती वेगाने फिरते एवढेच सांगतो. फेरे मोजण्याची कला तर फार जुनी आहे. मग या कामासाठी नवे साधन का लागले?

इ.स.पूर्व पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने अंतर मोजणाऱ्या गाडीचे वर्णन करून ठेवले आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ४०० दात्यांचे एक चक्र एका दात्याने पुढे सरके. ४०० फेरे झाले की एक रोमन मैल भरे आणि एक खडा भांड्यात टपकन पडे. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रस्ते मोजणारे लोकही असेच एक चाक ढकलत मैलोन् मैल चालले. या दोघांनाही अंतर हवे होते. वेळेशी त्यांना कर्तव्य नव्हते.

वेगाचा काटा आला तो मोटारीबरोबर. ओटो शुल्झेने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. गिअरबॉक्सकडून आलेली लवचीक केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात, वाटी चुंबकामागे ओढली जाते आणि स्प्रिंग तिला अडवते. वेग जितका जास्त, तितका काटा पुढे. इतके सुटसुटीत उपकरण आम्हाला क्वचितच दिसले आहे. शाळेत जुना स्पीडोमीटर मिळाला तर तो उघडून दाखवण्यासारखा आहे.

पण या काट्याला दोन गोष्टी कळत नाहीत. तो गिअरबॉक्सकडून गती घेतो, म्हणून मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांची सरासरीच दाखवतो. शिवाय तो गाडीचा वेग मोजत नाही, चाकांचा मोजतो. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबल्यावर चाके जागीच आवळली गेली तर काटा शून्यावर येतो, गाडी मात्र घसरत राहते. घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकडही उरत नाही. स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही, आणि ट्रेलर असेल तर तो पुढच्या गाडीशी कात्रीसारखा मिटतो.

म्हणजे प्रश्न बदलला होता. एकेका चाकाचा वेग सेकंदाच्या लहानशा भागात किती घटला, हे आता हवे होते. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९३६ साली चाके आवळू न देण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, पण तेवढ्या चपळाईने हिशेब करणारे यंत्रच नव्हते. १९५० च्या दशकात डनलॉपच्या 'मॅक्सॅरेट'ने विमानांपुरती वाट काढली. त्यात चाकाबरोबर फिरणारे एक जड चक्र असे. चाक एकाएकी मंदावले की ते जडत्वामुळे पुढे जाई आणि ब्रेकचा दाब सोडी. मोटारींसाठी बॉशची चारही चाकांची इलेक्ट्रॉनिक पद्धत मर्सिडीज गाडीत आली ती १९७८ अखेरीस.

गंमत अशी, की त्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला खबर देणारा सेन्सर मात्र फॅरेडेच्या १८३१ सालच्या प्रयोगाचाच होता. लोहाराच्या या मुलाने दाखवले, की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलले की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. सेन्सरमध्ये एक चुंबक व त्याभोवती तारेचे वेटोळे असते. समोर हबवर लोखंडी दातेरी कडे फिरते. दात जवळ आला, गेला, पुन्हा आला, की एकेक विद्युतलहर उमटते. भंडारा जिल्ह्यातच गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे आणि तिथे गिअरबॉक्स बनतात. त्या गिअरचे दात ताकद वाहतात. या कड्याचे दात मात्र नुसते मोजले जाण्यासाठी असतात.

अवजड वाहनांत या कड्याला बहुधा १०० दात असतात. चाक एका फेऱ्यात सुमारे ३.२ मीटर जाते, तेव्हा ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण ५२० लहरी मिळतात. गाडी अगदी हळू असेल तर क्षेत्र सावकाश बदलते आणि लहर इतकी क्षीण होते की ती ओळखता येत नाही.

दुरुस्तीतली मेख इथेच आहे. दिवा लागलेला असताना साधे ब्रेक चालतात, पण चाक आवळू न देणारे संरक्षण गेलेले असते. म्हणून काम टाळणे बरे नाही. मात्र सरळ नवा सेन्सर आणणे हेही पुष्कळदा पैसे वाया घालवणे ठरते. आधी मल्टिमीटर लावावा. ट्रकच्या एका प्रचलित प्रकारात वेटोळ्याचा रोध ११००–१२०० ओहमच्या आसपास असतो. तो अनंत आला तर तार तुटली, शून्याजवळ आला तर आतल्या आत जुळली. रोध ठीक असेल, तर चाक उचलून दोन सेकंदांत एक फेरा या गतीने हाताने फिरवावे. निदान ०.२ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर सेन्सर आणि कडे यांच्यातली फट वाढलेली असण्याचा संभव मोठा. चुंबकाला लोखंडाचा चुरा चिकटतो, स्प्रिंगची बूश सैल होते किंवा बेअरिंग ढिले पडून हब डुगडुगतो. तेव्हा सारे पुसून सेन्सर हाताने कड्याला टेकेपर्यंत दाबायचा, हातोडी लावायची नाही. चाक फिरले की कड्याचा किंचित हेलकावाच त्याला हवा तेवढा मागे सारतो. बेअरिंग तसेच राहिले तर नवा सेन्सरही काही दिवसांत मागे ढकलला जाणार. आणि काम बरोबर झाले तरी पुष्कळ जुन्या गाड्यांत दिवा लगेच विझत नाही. गाडी थोडी पळवावी लागते, कारण उभ्या चाकाकडून लहरच येत नाही.

ही उणीव भरून काढली एडविन हॉलच्या १८७९ सालच्या शोधाने. हॉल-परिणामावरचा सेन्सर क्षेत्र किती भराभर बदलते ते न पाहता क्षेत्रच ओळखतो, म्हणून चाक जवळजवळ थांबलेले असतानाही दात मोजतो. भारतात १२५ सी.सी.वरील सर्व नव्या दुचाकींना २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे झाले. अशा मोटारसायकलच्या पुढच्या डिस्कजवळचे भोकाभोकांचे कडे विद्यार्थ्यांना शाळेच्या आवारातच दाखवता येईल. हॉलच्या सेन्सरला बाहेरून वीज पुरवावी लागते. ओहम मोजून त्याची परीक्षा होत नाही, आणि आकार जुळला तरी जुन्या गाडीत तो चालत नाही. तिथे फॅरेडेचे वेटोळेच बसवावे लागते.