जामीन कोण, आणि कुणाकुणाला?

कळंबच्या बाजारात बैलाचा सौदा झाला आणि पैसे पुढच्या सुगीला द्यायचे ठरले, तर पहिला प्रश्न कोणता येतो? "जामीन कोण?" जामीन राहणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. देणे एकाचे; पण वेळ आली म्हणजे गाय सुटते ती दुसऱ्याच्या दावणीची. वाचकहो, ख्रिस्ती धर्माची मुख्य शिकवण समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात केलेली बरी. माणसाच्या पापाचे देणे येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर जीव देऊन फेडले, असे तो धर्म सांगतो. पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला पत्र लिहिले, त्यात तर खत रद्द करून वधस्तंभाला ठोकून टाकल्याचाच दाखला आहे.

मराठी बायबलात या गोष्टीला 'प्रायश्चित्त' असे नाव मिळाले. शब्द आपला, अर्थ मात्र निराळा. आपल्या रीतीप्रमाणे ज्याच्या हातून दोष घडला त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचे. चूक गणपाची आणि उपास सखारामाला, हे कसं जुळायचं? जामिनाचा व्यवहार चटकन पटतो, प्रायश्चित्ताचा पटत नाही. पुष्कळसा वाद याच फटीतून उगवला आहे.

आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड. हा जामीन किती जणांना? युरोपात त्यावर मोठी भांडणे झाली. हॉलंडातल्या डॉर्ट गावी १६१८-१९ साली धर्मपंडितांची सभा भरली. देवाने ज्यांना निवडले त्यांनाच या मरणाने तारण मिळते, असा निवाडा तिने दिला. सर्वांसाठी ख्रिस्त मेला, असे म्हणणारे त्या सभेत हरले; पुढे मेथडिस्ट पंथाने त्यांचीच बाजू उचलून धरली. गंमत पाहा, या सभेच्या दोनच वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले होते, आणि ते मराठी ओवीत! तारणाची कथा मराठीत यायला डॉर्टचा निवाडा लागला नाही.

पण मला आज सांगायचे आहे ते आपल्या तीन माणसांविषयी.

पहिले नीळकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५ चा, घराणे कोकणस्थ, राहणे काशीला. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ १८३९ साली काढून हिंदू शास्त्रांवर टीका केली होती. विशीतल्या गोऱ्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्याला उत्तर दिले. त्यांनी नेमके दुखते ठिकाण पकडले. माणसाचे आयुष्य मोजके, पापही मोजके. मग त्याला कधीच न संपणारा नरक देणारा देव न्यायी कसा? याच गोऱ्यांनी १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. प्रश्न सुटला म्हणून घेतला, असे म्हणता येणार नाही. शंका त्यांना जन्मभर छळीत राहिल्या. १८९५ साली ते मुंबईस वारले. खंडन करणारे पुष्कळ असतात आणि शरण जाणारेही पुष्कळ असतात. शरण जाऊनही आपला प्रश्न गिळून न टाकणारा माणूस विरळा, म्हणून मला गोरे मोठे वाटतात.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांच्या मनावर गोऱ्यांच्या लिखाणाचा परिणाम झाला होता. तरी त्यांना ओढले ते तर्काने नव्हे. इंग्लंडात असताना त्या लंडनजवळच्या फुलम इथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांचे एक आश्रयघर पाहायला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती भगिनी त्या बायकांना मायेने जवळ करीत होत्या. हे कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एकीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. 'पतितपावन' हा शब्द आपण कीर्तनात ऐकतो. रमाबाईंनी ते काम तिथे डोळ्यांनी पाहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणल्या आणि केडगावला त्यांचे घर उभे राहिले. कळंबहून ढोकी स्टेशन गाठावे, कुर्डुवाडी, दौंड करीत पुण्याच्या वाटेला लागावे, म्हणजे हे केडगाव येते. घराचे नाव ठेवले 'मुक्ती'. टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथेच 'कृपासदन' निघाले. तारण कुणाकुणाला, या प्रश्नावर रमाबाईंनी ग्रंथ लिहीत बसण्यापेक्षा दार उघडले, असं मी म्हणेन.

तिसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तुकोबांना त्यांनी सोडले नाही. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यांनी त्यात एका पंगतीला बसवले. बाप्तिस्म्याचे पाणी हीच तारणाची वेस, असे मानणाऱ्यांना हे कसे रुचावे? पुढे १९६४ साली रोमच्या धर्मपरिषदेनेही आपल्या घोषणेत मान्य केले की, ज्यांच्या कानी स्वतःच्या दोषाशिवाय शुभवर्तमान पडले नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. साताऱ्याचा दरबार त्याआधी सत्तेचाळीस वर्षे भरला होता.

तो फार दिवस मात्र टिळकांच्या हातून चालला नाही. ९ मे १९१९ रोजी ते वारले. ख्रिस्ताची कथा मराठीत काव्यरूपाने सांगणारे त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून रडलेल्या, आणि मग १९०० साली आपल्या पायांनी चालत आलेल्या त्याच लक्ष्मीबाई.