कंबर, मणका आणि जाणते हात



‘पोटुशी बाईची कंबर दुखायचीच,’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि पुढच्या सुनेला ऐकवलेलंही आहे. त्यापुढं कुणी काही विचारत नाही. बैठकीला आलेली सातव्या महिन्यातली बाई भिंतीला पाठ टेकून बसते, उठताना शेजारणीचा हात धरते. तिचा हप्ता बरोबर आहे ना, एवढं विचारलं जातं. म्हणून आज आम्ही कंबर हाच विषय घेतला आहे. हे दुखणं कुणी कधी मनावर घेतलं का, याचा शोध घेताना आम्ही थेट अमेरिकेत पोचलो.

तिथं दीडशे वर्षांपूर्वी एक वैद्यकी निघाली. गोळी देण्याआधी हातानं अंग चाचपायचं, मणका कुठं आखडलाय, सांधा कुठं धरलाय ते बघायचं आणि हातानंच तो मोकळा करायचा. तिचं नाव ऑस्टिओपॅथी. ग्रीक भाषेत ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड. आपल्याकडचा हाडवैद्य डोळ्यापुढं आणा म्हणजे थोडी कल्पना येईल.

ती सुरू करणारे डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ चा. वडील धर्मोपदेशक आणि वैद्यही, त्यांच्याच हाताखाली हे शिकले. १८६४ साली त्यांच्या घरातली तीन मुलं मेंदूच्या आवरणाला सूज येणाऱ्या तापानं गेली. बाप स्वतः डॉक्टर, शिवाय दुसरे डॉक्टरही आले, पण कुणाच्या हातून काही झालं नाही. त्या वेळची औषधं तरी काय होती? पाऱ्यापासून केलेली पूड, अफू, आणि शीर उघडून रक्त काढणं. औषधानं माणूस आणखी खचावा अशीच तऱ्हा. स्टिल यांचा त्या औषधांवरचा विश्वास उडाला. हाडांचा, स्नायूंचा अभ्यास करत बसले, आणि १८७४ साली त्यांनी आपला मार्ग जाहीर केला. लोक हसले. मग ते मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या लहानशा गावी गेले. गावोगाव फिरून लोकांची हाडं बसवत. पुढं त्यांचं नाव एवढं झालं की रेल्वेगाड्या भरून रोगी कर्क्सव्हिलला उतरू लागले.

इथं एक आठवल्याशिवाय राहवत नाही. स्टिल मिसुरीत फिरत होते त्याच काळात, १८८३ साली, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या होत्या, बाळ दहा दिवसांत गेलं होतं. फिलाडेल्फियात बायकांसाठी वेगळं वैद्यकीय महाविद्यालय होतं, तिथून त्या १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आपल्याकडचं प्रसूतिशास्त्र. स्टिल यांचा आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण लेकरू गेल्यावर वैद्यकीलाच जाब विचारायला निघालेली ही दोन माणसं एकाच वेळी एकाच देशात होती, याचं आम्हांला फार वाटलं.

१८९२ साली स्टिल यांनी कर्क्सव्हिलला शाळा काढली आणि पहिल्याच वर्गात बायकांना घेतलं. हे लहान समजू नका. हार्वर्डसारख्या नामांकित विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत मुलींना प्रवेश मिळायला १९४५ साल उजाडलं. कर्क्सव्हिलहून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या बाई म्हणजे जेनेट बोल्स, वर्ष १८९४. पुढं त्यांनी डेन्व्हर शहरात रोगी तपासले. बाई डॉक्टर झाली की बायकांची दुखणी आपोआप पुढं येतात. १९०१ पर्यंत तर या शाळेतून स्त्रियांच्या आजारांवर वेगळं पाठ्यपुस्तकही निघालं होतं.

आता कंबर का दुखते ते बघू. डोक्यावर हंडा असला की आपण पाठ ताठ ठेवतो. हंडा पोटाशी धरला तर? आपण आपोआप मागं रेलतो. गरोदरपणी तेच होतं. वजन दहा-बारा किलोनं वाढतं, तेही पुढच्या बाजूला. तोल राखायला कमरेची कमान वाढते आणि पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. त्यात बाळाला वाट मिळावी म्हणून शरीरातले स्राव ओटीपोटाच्या हाडांचे बंध सैल करतात. कमरेच्या खाली, दोन्ही बाजूंना जिथं खळ्या दिसतात, तिथला सांधा हलू लागला की कूस बदलतानासुद्धा कळ येते. साधारण निम्म्या गरोदर बायकांना हा त्रास होतो. म्हणजे ‘सगळ्यांनाच होतं’ हेही खरं नाही, आणि ‘ही नखरे करते’ हे तर मुळीच नाही.

ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर अशा बाईला कुशीवर निजवतात. पाठीचे आखडलेले स्नायू हळूहळू दाबून सैल करतात, माकडहाडाच्या वरच्या हाडाला तळहाताचा आधार देतात, मांडीला, खुब्याला हलका ताण देतात. पोट चोळत नाहीत. हे नीट ऐका, कारण आपल्याकडं पोटाला तेल लावून बाळ ‘सरळ करणारे’ हात अजून आहेत. पोट दाबल्यानं वार सुटू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. जुन्या सुईणींनी अडल्या वेळी किती बायका सोडवल्या हे आम्ही जाणतो, त्यांचा मान राखूनच हे सांगतो आहोत.

मग या हातांनी फरक पडतो का? इथं गोष्ट रंगते. १९११ साली लिलियन व्हाइटिंग यांनी ऑस्टिओपॅथीच्या मासिकात लिहिलं की गरोदरपणी हे उपचार घेतलेल्या पहिलटकरणींच्या कळा सरासरी दहा तासांत आटोपल्या. तेव्हा सर्वसाधारण वेळ एकवीस तास धरत असत. अर्ध्याहून कमी! आम्ही वाचून चकित झालो. पण गट चालवणारी बाई हिशेब तपासल्याशिवाय सही करत नाही. उपचाराला आलेल्या बाया कोण होत्या? खाऊनपिऊन सुखी, आधीपासून धडधाकट होत्या का? उपचार न घेतलेल्या तशाच बाया शेजारी ठेवून मोजलं नव्हतं. त्यामुळं हा आकडा ऐकायला गोड, पण त्यावर विसंबता येत नाही.

खरी मोजदाद व्हायला शंभर वर्षं गेली. टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ इथं डॉक्टर केंडी हेन्सेल आणि त्यांच्या सोबत्यांनी चारशे गरोदर बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. तिघींनाही नेहमीची तपासणी होतीच. पहिल्या गटाला शेवटच्या तीन महिन्यांत सात वेळा हातांचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाच्या पाठीवरून तेवढाच वेळ एक यंत्र फिरवलं, पण ते नुसतं नावाला, त्यातून उपचार काहीच होत नव्हता. तिसऱ्या गटाला नेहमीच्या तपासणीपलीकडं काही नाही. २०१५ मध्ये निकाल छापून आला. हातांच्या उपचारानं दुखणं आणि हालचालीतली अडचण तिसऱ्या गटापेक्षा स्पष्ट कमी राहिली. पण खोट्या यंत्राच्या गटातल्या बायकांनाही जवळजवळ तेवढाच आराम पडला!

यावर कुणी म्हणेल, म्हणजे सगळं थोतांडच की. आम्हांला तसं वाटत नाही. दुसऱ्या गटातल्या बाईलाही सात वेळा कुणीतरी निजवलं, तिच्या पाठीकडं लक्ष दिलं, कुठं दुखतं ते विचारलं. तिसरीला ते मिळालं नाही. बाळंतपण झटपट होतं, पुढचे धोके टळतात, असे मोठे दावे मात्र यातून सिद्ध झालेले नाहीत. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आपल्या रिवाजाकडं बघा. बाळंतिणीला तेल, शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना विश्रांती. डोहाळजेवणाला हिरवी साडी आणि फुलांची वाडी. पण या दोन्हींच्या मधे, आठव्या महिन्यात खुरपणीला वाकलेल्या, नाहीतर उसाची मोळी उचलणाऱ्या बाईच्या पाठीला हात लावायचा रिवाज नाही. बाळ झाल्यावरची पाठ घराची, आधीची तिची एकटीची.

अमेरिकेत आज ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर लाखाहून जास्त आहेत. इतर डॉक्टरांसारखीच ते औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात, बाळंतपणंही करतात. गंमत म्हणजे त्यांतले बरेचजण हातांचा उपचार आता फारसा वापरतच नाहीत. आपल्याकडं या कामाला जवळचा माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. घरी करायचं ते साधं आहे: कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे घडी केलेली गोधडी, उठताना आधी कूस आणि मग हाताचा टेका, वाकण्याऐवजी गुडघ्यात बसणं, आणि जड हंडा दुसऱ्या कुणीतरी उचलणं. हे दुसरं कुणीतरी म्हणजे नवराही असू शकतो.

आणि हे दुखणं साधं नव्हे असं कधी समजायचं? कंबरेची कळ ठरावीक वेळानं येऊ-जाऊ लागली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, पायातलं बळ गेलं, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मालिश नाही, शेक नाही. आशाताईला बोलवा, १०८ ला फोन करा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथं रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन सगळं बघतील. तपासून झालं की उठू नका. नेमकं कुठं दुखतं ते बोट ठेवून दाखवा. बसल्यावर की चालल्यावर, दिवसा की रात्री, पायात उतरतं की नाही, तेही सांगा. सासूबाई सोबत असतील तर त्यांच्यासमोरच सांगा.