लाखोरीला नांगर लागत नाही

पुण्यात नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी ऑफिसात जेवताना 'झिरो टिलेज'चा विषय निघाला. एका मित्राने नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्राचा व्हिडिओ पाहिला होता, दुसऱ्याने फुकुओका वाचला होता. नांगर न लावता शेती, हे दोघांना फार नवं वाटत होतं. मलाही वाटलं. साकोलीजवळच्या आमच्या बांध्यांमध्ये दर दिवाळीच्या सुमारास हेच चालतं, हे माझ्या लक्षात आलं ते रात्री खोलीवर परतल्यावर. कारण आमच्याकडे त्याला तंत्र म्हणत नाहीत. 'लाखोरी टाकणं' म्हणतात.

धान कापायला दहा-पंधरा दिवस उरले की बांधीतलं पाणी सोडून द्यायचं आणि उभ्या धानातच लाखोरीचं बी फेकायचं. पुस्तकात याला उतेरा म्हणतात. बी चिखलात रुजतं, धानाच्या सावलीत बोटभर वाढतं. मग वरून धान कापून न्यायचं. लाखोरी खाली तशीच राहते आणि उरलेल्या ओलीवर फेब्रुवारीपर्यंत पिकते. नांगर नाही, वखर नाही, पाणी नाही, खत नाही.

लहानपणी मी आबाजींना विचारलं होतं, आधी नांगरत का नाही? ते म्हणाले, "कायले नांगराचं बाबू? वल आहे तोवर बी फेकाचं."

या उत्तरात जमिनीचं सगळं शास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. भंडाऱ्यात जमिनीला नावं आहेत : कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बर्डी. कन्हार सगळ्यांत भारी आणि काळी. धान रोवण्याआधी चिखलणी करून आपण तिची रचना मुद्दाम मोडतो, पाणी मुरू नये म्हणून. धान निघाल्यावर तीच माती वाळून विटेसारखी होते, तिला भेगा पडतात. ओली असताना नांगर घातला तर ती फाळाला चिकटते, वाळल्यावर घातला तर डोक्याएवढी ढेकळं निघतात. मधले चार दिवस नांगरण्याजोगे असतात, पण तेच कापणीचे दिवस. म्हणून आमची शेती बिननांगरी आहे असं म्हणणं खोटं ठरेल. एका हंगामात माती हवी तितकी तुडवायची आणि दुसऱ्या हंगामात तिला हात लावायचा नाही, असा तो हिशोब आहे. ही कुणाची विचारसरणी नव्हती. कन्हारीने घातलेली अट होती.

ही अट पाळू शकणारी पिकं थोडी. लाखोरी आधी चिखल सोसते, मग कोरड सोसते. पण तिच्या याच गुणामुळे तिच्यावर डाग लागला.

साकोलीच्या बऱ्याच उत्तरेला, सागरच्या मुलखात, 1829पासून काही वर्षं गव्हाची पिकं बुडाली. इतर सगळं गेलं तेव्हा हे एकच कडधान्य तगलं आणि लोक त्याच्यावर जगले. 1833च्या सुमारास तिथली तरुण माणसं कमरेखाली लुळी पडू लागली. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमनने आपल्या 1844च्या पुस्तकात हे नोंदवलं आहे. पुढे रीवा भागात मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य दिलं जाई. मालक गहू खात, मजूर लुळे होत. दाण्यातलं ओडॅप हे विषारी द्रव्य 1964मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा यांनी वेगळं केलं. महिनोन्‌महिने दुसरं काहीच खायला नसेल तर ते बाधतं. मिसळीच्या जेवणात सहसा बाधत नाही. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर बरंचसं निघूनही जातं.

पण कायदा आधीच आला होता. 1961मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांखाली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. बंदी विक्रीवर होती, कन्हारीवर नव्हती. त्यामुळे पेरणं चालूच राहिलं, फक्त विकणं लपलं. आमच्या घरी ही गोष्ट भावातून कळत असे. गावात येणारा एक व्यापारी दरवर्षी पोत्यात हात घालून म्हणायचा, "बंदीचा माल आहे," आणि पडेल भाव सांगायचा. आबाजी मान खाली घालून पैसे मोजून घ्यायचे. मजूर लुळा पडू नये म्हणून केलेल्या कायद्याने लहान शेतकऱ्याचा भाव पाडला. मजुराच्या ताटात दुसरं काही यावं, याची तजवीज मात्र त्या कायद्यात नव्हती.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले. दरम्यान 'रतन', 'प्रतीक' अशी कमी ओडॅपची वाणं आली. महाराष्ट्राने 2008मध्ये बंदी उठवली. केंद्राच्या 2011च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र मनाई कायम राहिली, आणि 2016मध्ये आयसीएमआरच्या समितीने ती उठवायला अनुकूलता दाखवली.

आता लाखोरीला कायद्यापेक्षा बोअरची भीती जास्त आहे. पाणी असेल तर उन्हाळी धान घेता येतं आणि त्याचे पैसे लाखोरीपेक्षा कितीतरी जास्त होतात. त्यासाठी जमीन पुन्हा चिखलावी लागते, ट्रॅक्टर पुन्हा उतरतो. हार्वेस्टरने कापणी केली तर त्याच्या चाकांखाली उगवलेली लाखोरी चिरडते, म्हणून काही जण ती टाकतच नाहीत.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी बोअरसाठी पैसे मागितले. मी पाठवले. लाखोरीचं कौतुक करणाऱ्या माणसाने ते नाकारायला हवे होते, असं वाचकाला वाटेल. पण पगार माझा पुण्यात होतो, आणि बाबांनी कमी पैशांचं पीक घ्यावं असं म्हणणं मला जमलं नाही.

वरच्या दोन बांध्यांत आता उन्हाळी धान असतं. खालच्या कन्हारीच्या बांधीत बाबा अजून हाताने धान कापून घेतात आणि लाखोरी टाकतात. भावाचं विचारलं तर म्हणतात, विकायची नाही, वरणापुरती आहे.